जीर्णोद्धार कीं नवी बांधणी?

सर्वांसाठीं खुलें ठेविलेलें जुनें सर्व्हर-सॉफ्टवेअर डागडुजी करीत चालवावें, कीं तें बाजूस सारून नव्या भाषेंत पुन्हां लिहावें, हा वाद संगणकाच्या जाणत्या मंडळींत मोठ्या हिरीरीनें चालला आहे. वाङ्मयाच्या मासिकांत ही चर्चा कशाला, असें वाचक विचारतील. प्रश्न दिसावयास यंत्राचा असला तरी मुळांत तो ऋणाचा आहे, असें मला वाटतें. ज्यांनीं विनामूल्य लिहून ठेविलें त्यांचें ऋण एकीकडे, आणि जे त्यावर डोळे मिटून विसंबतात त्यांच्याविषयींचें कर्तव्य दुसरीकडे.

पुनर्लेखनाचा पक्ष आधीं ऐकूं. यांतील पुष्कळसें सॉफ्टवेअर सी भाषेंत आहे. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेली ही भाषा लिहिणारावर पूर्ण विश्वास टाकते. स्मृतींतील किती जागा घेतली व किती वाचली, याचा हिशेब त्यानेंच ठेवावयाचा. माणसाकडून तो चुकतो. २०१४ च्या एप्रिलांत उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष असाच होता. समोरच्यानें “मीं पाठविलेलीं इतकीं अक्षरें परत दे” म्हणावें, आणि तितकीं त्यानें खरोखर पाठविलीं होतीं काय, हें ओपनएसएसएलनें तपासूंच नये! सर्व्हर शेजारचा मजकूर, प्रसंगीं गुप्त किल्ल्याहि, मुकाट्यानें देत राहिला. दोन वर्षें हा दोष सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होता. रस्टसारख्या भाषेंत हा हिशेब भाषाच ठेविते. येथवर मी निरुत्तर होतों.

पण त्याच ओपनएसएसएलला त्या काळीं वर्षाकाठीं सुमारें दोन हजार डॉलर देणगी मिळे, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता, हेंहि विसरतां येत नाहीं. मोठमोठ्या कंपन्यांनीं तिजोरी उघडली ती बोभाटा झाल्यावर. दोष भाषेच्या माथीं मारणें सोयीचें असतें. भाषा पैसे मागत नाहीं. शिवाय २०२१ चा ‘लॉगफोरशेल’ जावाच्या सॉफ्टवेअरमध्यें निघाला. तेथें स्मृतीचा हिशेब भाषेकडेच होता. नोंदीसाठीं आलेला परका मजकूर आज्ञा म्हणून पाळला गेला, एवढेंच.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका सॉफ्टवेअरवर काम करतो. “सर, जुना कोड वाचवत नाहीं,” म्हणून त्यानें नवी प्रत आरंभिली. एका ठिकाणीं तारखेविषयीं चार विचित्र ओळी त्याला निरर्थक वाटल्या, त्या त्यानें गाळल्या. चांचणींत कळलें कीं, कांहीं जुनीं उपकरणें तारीख चुकीच्या रीतीनें पाठवितात. त्यांच्यासाठीं कोणीतरी त्या लिहून ठेविल्या होत्या. कारण मात्र लिहिलें नव्हतें. जुन्या कोडची कुरूपता पुष्कळदां असल्या अनुभवाची असते, आणि भाषांतरांत प्रथम तीच गळते.

नेटस्केपनें १९९८ सालीं ब्राउझरची मांडणी नव्यानें करावयास घेतली. नवी आवृत्ति २००० च्या अखेरीस आली, तोंवर मैदान प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेलें होतें. कर्लच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनीं संयमानें एकच भाग रस्टमधील हायपरवर चालविण्याचा प्रयोग केला. २०२० मध्यें आरंभिलेला तो प्रयोग २०२४ च्या अखेरीस त्यांनीं सोडून दिला. त्याला मागणी नव्हती, आणि दोन्ही भाषा जाणून तें काम अंगावर घेणारे फार थोडे होते.

मला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. नवें लिहिणें उत्साहाचें काम आहे; त्यानंतर वीस वर्षें लोकांच्या तक्रारी वाचणें हें निराळेंच. पहिल्याची प्रतिज्ञा करणारानें दुसऱ्याची केली नसेल, तर चालत्या सॉफ्टवेअरला हात लावण्याचा त्याला कोणता अधिकार? उलट, जुने जाणकार थकले असतां “चाललें आहे तें चालूं द्या” म्हणणें हेंहि, ज्यांना आंत काय आहे याची कल्पनाच नाहीं त्यांच्याशीं प्रामाणिकपणाचें नव्हे.

माझ्या विद्यार्थ्यानें आतां आपला बेत आंखडता घेतला आहे. बाहेरून आलेला मजकूर जो भाग प्रथम वाचतो, तेवढाच तो रस्टमध्यें लिहीत आहे. त्या चार ओळी त्यानें परत घेतल्या, व त्यांच्या डोक्यावर कारणहि लिहिलें आहे.