नागसेनाचा रथ आणि दहा फूट नळी

आडव्या डीप फ्रीझरमधून नळाची बिअर काढायची असेल तर पहिला नियम असा, की फ्रीझरला भोक पाडायचं नाही. गारवा करणाऱ्या नळ्या त्याच्या भिंतींतून फिरवलेल्या असतात. ड्रिल त्यांतल्या एकीला लागलं की आतला वायू निघून जातो आणि उरतं ते पांढरं खोकं. म्हणून झाकण काढून पेटीच्या तोंडावर लाकडी चौकट बसवायची, झाकण तिच्यावर, आणि नळ चौकटीतून बाहेर काढायचे. अमेरिकेत घरी बिअर करणारे याला कीझर म्हणतात. मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात अशी ७ घनफुटांची पेटी आहे. मी पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलं आणि पोटासाठी इथे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. खोड जुनी. त्यामुळे पेटीचे सुटे भाग निवडताना मला पडलेला प्रश्न बिअरचा नव्हता. भागांहून निराळी अशी अखंड वस्तू असते का, हा होता.

‘मिलिन्दपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सगळं मिळून? की या सगळ्यांवेगळं काही? राजा दर वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? अखेर राजालाच म्हणावं लागतं, की भागांच्या आधाराने चालणारं ते एक नाव आहे. माझंही तसंच, असं नागसेन सांगतो: केस, नखं, दात, वेदना, संज्ञा यांच्या आधारावर ‘नागसेन’ हे नाव चालतं, आत कुणी बसलेला नाही.

नैयायिकांना हे मान्य नव्हतं. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ते अवयवांहून निराळा ‘अवयवी’ मानतात. त्यांचा एक पुरावा धरण्या-ओढण्याचा आहे: एक टोक धरून ओढलं की सगळी वस्तू येते, नुसता ढीग येत नाही. प्रतिपक्ष म्हणतो, सैन्य आणि वनही दुरून एकच दिसतात, तसंच हे. त्यावर उत्तर असं, की सैनिक आणि झाडं निदान जवळून दिसतात, परमाणू तर कधीच दिसत नाहीत. न दिसणाऱ्यांचा समूह दिसणार कसा?

एम.ए.ला मी नागसेनाच्या बाजूची होते. माझी बाजू ढळली ती दहा फूट नळीमुळे.

बाकीच्या भागांचं फार नाही. पिंपं ५ गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची, मुळात शीतपेयांच्या पाकासाठी केलेली. त्यांची तोंडं दोन प्रकारची असतात, एक पेप्सीवाल्यांचं, दुसरं कोकवाल्यांचं. एक प्रकार धरायचा आणि त्यालाच चिकटून राहायचं. नळ स्टीलचा घ्यावा. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला स्वस्त मिळतो, पण मुलामा झिजतो आणि पितळ बिअरला लागतं. शिवाय नळ पुढच्या बाजूने बंद होणारा हवा. मागून बंद होणाऱ्यात बिअर वाळते आणि दांडा चिकटून बसतो. तापमान राखायला बाहेरून एक नियंत्रक लावायचा. गोठवण्यासाठी जन्मलेल्या यंत्राला गोठवू न देणं एवढंच त्याचं काम. स्वधर्माविषयी कुणाला निबंध लिहायचा असेल तर हा भाग खुशाल घ्यावा.

नळीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. बिअर ३ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि १२ पीएसआय दाबाखाली ठेवली की तिच्यात तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. हा दाब पिंपापासून नळाच्या तोंडापर्यंत येता येता खर्ची पडला पाहिजे, नाहीतर नळ उघडताच वायू उसळतो आणि ग्लासात नुसता फेस येतो. दाब खर्ची पाडते ती नळी. आतून ३/१६ इंच व्यासाची व्हिनाइलची नळी फुटाला सुमारे ३ पीएसआय खाते, असं पुस्तकी गणित आहे. म्हणजे ४ फूट पुरायला हवी. पण तो आकडा बारमधल्या भराभर ओतण्याचा आहे. घरी सावकाश ओततात, प्रवाह मंद झाला की रोधही कमी होतो, म्हणून घरची मंडळी १० फुटांपासून सुरुवात करतात.

आमच्या शेजाऱ्यांनी प्रत्येक भाग महागातला घेतला आणि नळी ठेवली ५ फूट. ग्लास अर्ध्याहून अधिक फेसाने भरे. त्यांनी आधी नळ बदलला, मग दाबाचा रेग्युलेटर. फेस तसाच. आता दोष कुणाचा म्हणायचा? नळ निर्दोष, रेग्युलेटर निर्दोष, बिअरही उत्तम. नळीसुद्धा निर्दोष, कारण कमी दाबावरच्या कमी वायूच्या बिअरला तीच नळी झकास चालली असती. एकाही भागात दोष नाही आणि तरी दोष आहे. वैशेषिकांचं म्हणणं असं, की गुणाला द्रव्याचा आश्रय लागतो. मग या अवगुणाचा आश्रय कोणता? भाग नसेल तर अवयवीच.

बौद्ध हसून म्हणेल, आश्रय कशाला हवा? दाब, उष्णता, लांबी एकत्र आली, फेस उपजला. यातलं एक बदल, फेस जाईल. हा प्रतीत्यसमुत्पाद, यात अवयवी कुठून काढलास? उत्तर बिनतोड आहे, आणि मी तिथेच थांबले असते.

पण नागसेन ज्या रथाविषयी विचारतो तो उभा राहिलेला रथ आहे. हाच प्रश्न त्याने सुताराला, लाकूड अजून वखारीत असताना विचारायला हवा होता. सुतार एक फळी उचलतो, बघतो आणि बाजूला टाकतो. कशावरून टाकतो? फळीत खोट नसते. पलंगाला ती चालली असती. ती रथाला चालत नाही, आणि रथ तर अजून झालेलाच नाही. दुकानात ५ फुटांची नळी मी परत ठेवली ती न झालेल्या कीझरच्या सांगण्यावरून. ज्याच्या हुकमाने भाग नाकारले जातात ते भागांवर मागाहून चिकटवलेलं नाव कसं असेल? इथे मी नैयायिकांकडे सरकले. पूर्ण नाही, कारण कार्य होण्याआधी ते कुठेच नसतं असंही तेच म्हणतात, आणि मला तर ते आधी कुठेतरी हवं आहे. ‘ते सुताराच्या ज्ञानात असतं’ असं ते म्हणतील. म्हणोत.

वादाचा तिसरा भिडू चार्वाक, आणि त्याचा दृष्टान्त थेट आमच्या छंदातला. गूळ-धान्यात किण्व पडलं की ज्या पदार्थांत नशा नव्हती त्यांतून नशा उपजते. तसंच चार भूतांतून चैतन्य. जैन आचार्य जिनभद्रांनी यावर म्हटलं, की ती शक्ती प्रत्येक घटकात थोडी थोडी असतेच. रसायनाच्या दृष्टीने जिनभद्र चुकले. माल्टच्या पाण्यात मद्यार्काचा थेंब नसतो. पण चार्वाकाचाही घोटाळा आहेच, कारण आंबवणं हे जिवंत यीस्टचं काम असतं, हे पाश्चरने दाखवलं. निर्जीवातून जीव सिद्ध करायला निघालेल्याने उदाहरणात आधीच जीव घालून ठेवला होता! पुढे १८९७ मध्ये बुखनरने यीस्ट चिरडून, पेशीविना, नुसत्या रसाने आंबवणं घडवलं आणि पारडं परत चार्वाकाकडे झुकलं. बुखनरला १९०७ चं नोबेल मिळालं, चार्वाकाला कोण देणार?

माझे नाशिकचे मामा इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला बसतात. त्यांनी फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे गं, पण पाचव्या शीलाचं काय? मद्य न पिणाऱ्या भिक्षूचा रथ घेऊन तू बिअरचा नळ बसवतेस.” मामांचा टोला रास्त आहे. गंमत म्हणजे मिलिंदही रथाच्या आधी हेच विचारतो: आत कुणी नसेल तर शील पाळतो कोण, मद्य पितो कोण? नागसेनाचं पुढचं उत्तर आंबेचोराचं आहे. मी नेलेले आंबे मालकाने लावलेले नव्हेत, असं म्हणून चोर सुटत नाही. लावलेल्यातूनच हे आले. तेव्हा पिणारी निव्वळ नाव असली तरी हिशेब तिच्याच खाती पडतो. मामांना मी तसं कबूल केलं.

माझा निकाल मात्र वेगळा आहे. रथ आणि माणूस या दोघांना एकाच मापाने मोजणं, इथे नागसेन चुकला. रथाचे भाग कुणीतरी निवडलेले असतात, नाकारलेल्या फळ्यांचा ढीग दाखवता येतो. माझे गुडघे आणि माझा राग कुणी निवडला नाही. ईश्वर सिद्ध करायला निघालेल्या नैयायिक उदयनाचार्यांचा वारस म्हणेल, ईश्वराने. मग त्याने टाकून दिलेल्यांचा ढीग दाखवावा. म्हणून कीझरला मी अवयवी मानते, स्वतःला मानत नाही. सुताराच्या बाजूने हा युक्तिवाद न्यायाच्या एखाद्या भाष्यात किंवा टीकेत आधीच येऊन गेला असेल, तर जाणकारांनी ग्रंथाचं नाव आणि प्रकरण जरूर कळवावं.