सोडून दिले म्हणजे सुटले का?

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य खात्याचे कर्मचारी घरोघरी येतात. टाक्या, हौद, कुंड्या बघतात आणि जिथले पाणी उपसून टाकता येत नाही तिथे गप्पी मासे सोडायला सांगतात. गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो, त्यामुळे डेंग्यू-मलेरियाला आळा बसतो. आमच्या परसातला सिमेंटचा हौद असाच गप्पी माशांचा झाला. मुलांना त्याचे वेड लागले. काठावर दगड आले, कमळाचे रोप आले आणि एका वाढदिवसाला दोन कासवेही आली. तळहातावर मावणारी, हिरवीगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली. विकणारा म्हणाला, "एवढीच राहतात. काही करावं लागत नाही."

दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. पण त्याला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही, कारण आम्हीही पुढे काही विचारले नव्हते.

ही कासवे मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. बाजारात त्यांना 'रेड-इअर्ड स्लायडर' म्हणतात. वाढून ती जेवणाच्या ताटलीएवढी होतात आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे जगतात. म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेले कासव त्याच्या लग्नालाही हजर असू शकते! त्यांना पोहायला खोल पाणी हवे, तसेच अंग शेकायला उन्हातला कोरडा दगडही हवा. ऊन आणि योग्य खाणे नसेल तर पाठीचे कवच मऊ पडते.

यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. हौद कडुनिंबाच्या दाट सावलीत होता. आम्ही भात आणि पोळीचे तुकडे टाकत होतो. गप्पी मासे एकेक करून कासवांच्या पोटात गेले आणि डास परत आले. पाणी दोन दिवसांत हिरवे होऊन वास मारू लागले. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि नळाला एक दिवसाआड पाणी, अशा दिवसांत हौद उपसून पुन्हा भरायचा कोणाच्या जिवावर? आम्ही टाळत राहिलो. त्याच उन्हाळ्यात एक कासव मेले. धाकटीने विचारले, "त्याला काय झालं होतं?" आमच्याकडे उत्तर होते, पण ते तिला सांगायचे धैर्य नव्हते.

उरलेले कासव पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, पवनारला नेऊन नदीत सोडा. मुका जीव आहे, पुण्य लागेल." आम्हाला ते एकदम पटले. रविवारी संध्याकाळी बादलीत कासव घेऊन आम्ही धामच्या काठी गेलो. तिथे जाळे आवरत असलेल्या एका म्हाताऱ्या भोईबाबांनी बादलीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "हे आपल्या नदीतलं नाही जी. कुठून आणलं? इथं नका सोडू."

आम्ही बादली घेऊन परत आलो. मनात मात्र राग होता, कारण एका चांगल्या कामात कोणीतरी आडवे आले होते. ते काम चांगले नव्हते हे समजायला काही दिवस लागले.

भोईबाबांचे म्हणणे खरे होते. जगातल्या सर्वांत घातक शंभर परकीय आक्रमक जीवांच्या यादीत या कासवाचे नाव आहे. लोकांनी 'दया' म्हणून सोडलेली अशी कासवे आपल्या देशात केरळात आणि ईशान्येकडे नैसर्गिक पाण्यात सापडली आहेत. ती इथल्या कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतात, रोगही पसरवू शकतात. आपल्या तळ्या-नाल्यांत मऊ पाठीचे, मागच्या पायांवर झडपा असलेले देशी कासव असते. डबके आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट बघते. आमच्या दयेची किंमत त्याने मोजली असती.

आता उलट बाजू पाहा. हेच देशी कासव पावसात रस्त्यावर येते आणि एखादा मुलगा ते उचलून घरच्या हौदात टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी ठेवणे गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. त्या कासवाला पाण्याकडे परत जाऊ देणे हेच योग्य. म्हणजे नदीत सोडण्याची तीच कृती एका कासवाच्या बाबतीत न्याय आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत अन्याय. मन दोन्ही वेळा सारखेच भरून येते. म्हणून नुसते मन भरून येणे पुरेसे नाही. दया करण्याआधी, समोरचा जीव कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, हे जाणून घेण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला स्वतःशी कबूल करावी लागली. त्या संध्याकाळी आम्ही कासवाला मोकळे करायला निघालो नव्हतो. हौद उपसण्यातून, वासातून, मेलेल्या कासवाच्या आठवणीतून आम्हालाच मोकळे व्हायचे होते. त्या सुटकेला आम्ही पुण्य हे नाव दिले होते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात बजावले की प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, ते केवळ आपल्या उपयोगावर ठरत नाही. राखणदाराला कंटाळा आला म्हणून राखण संपत नाही.

कासव आजही आमच्याकडे आहे. कडुनिंबाची एक फांदी छाटली, उन्हात सपाट दगड ठेवला, अर्ध्या हौदावर सावली राखली. काठ आतून गुळगुळीत आणि उंच केला, कारण कासवे चढून पळतात. गप्पी मासे वेगळ्या टाकीत गेले. उपसलेले पाणी झाडांना जाते. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात, म्हणून हात लावला की साबणाने धुण्याचा नियम आहे. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी घातली.

ज्यांच्या घरी असे परदेशी कासव आहे त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळावे किंवा सांभाळू शकेल अशाच हाती द्यावे. देशी कासव घरात असेल तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि ज्यांची मुले हट्ट धरून बसली आहेत, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरात एकदा विचारावे: वीस वर्षांनी याचा हौद कोण उपसणार?

धाकटीला आम्ही शेवटी खरे काय ते सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग उठली आणि बादली घेऊन हौदाकडे गेली.