घरच्या जेवणाची किंमत

सुरतेत राहून बाहेर खाऊ नका असे कोणास सांगणे म्हणजे नदीकाठच्या मुलास पाण्यात पाय घालू नको असे सांगण्यासारखे आहे. जेवण सुरतेचे आणि मरण काशीचे, अशी गुजरातीत म्हणच आहे. सकाळी तेल-शेव घातलेला वाफाळता लोचो, थंडीत पोंक, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला घारी आणि सोबत तिखट भुसू, आणि रविवारी संध्याकाळी तर कित्येक घरांच्या चुली थंड. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने येथे आलेली आपली माणसे उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत वसली, त्यांची मुले येथेच वाढली, आणि हा रिवाज त्यांच्याही अंगवळणी पडला. पोंक म्हणजे तरी काय? आपला ज्वारीचा हुरडाच. तो शेतातल्या आगटीवरून उठून शहरातल्या मांडवात आला आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेशी त्याची सोयरीक जुळली, एवढेच.

परंतु खाण्याची हौस सुरतेची असली तरी मिळकत बहुतेकांची मोजूनमापून असते. यंत्रमागावर मीटरमागे मजुरी, हिऱ्याच्या कारखान्यात नगामागे, आणि घरी बसून साड्यांना खडे व लेस लावणाऱ्या बहिणींना साडीमागे. बाजारात मंदी आली की मजुरी तेथेच थांबते. घरभाडे व शाळेची फी थांबत नाही. अशा घराने महिन्यातून एकदोनदा हॉटेलात जाऊन चारपाचशे रुपये खर्च करणे योग्य आहे काय? वडील मंडळी म्हणतात, घरात डाळ-तांदूळ असताना ही उधळपट्टी कशाला? तरुण म्हणतात, मग मरमर मिळवायचे कशासाठी? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. तरीही आम्हांस वाटते की हा वाद एका अपुऱ्या हिशेबावर उभा आहे.

तो हिशेब असा. घरच्या जेवणाचा खर्च काढताना आपण पीठ, डाळ, तेल, भाजी आणि गॅस एवढेच मांडतो. बेरीज होते दीडशे रुपये. हॉटेलचे बिल होते पाचशे. म्हणजे साडेतीनशे रुपये पाण्यात गेले! पण हॉटेलच्या बिलात स्वयंपाक्याची मजुरी, वाढणाऱ्याची मजुरी आणि भांडी घासणाऱ्याची मजुरी धरलेली असते. घरच्या बेरजेत या तिन्ही ठिकाणी शून्य लिहिलेले असते, कारण ही तिन्ही कामे एकच व्यक्ती करते आणि तिला कोणी मजुरी देत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि जे पुरुष घरकामास हात लावतात त्यांचा ८८ मिनिटे, असे त्यात दिसून आले. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक. त्यास रविवारची सुटी नाही. उलट रविवारी उपासनेहून आल्यावर काम वाढते, कारण त्या दिवशी सर्वांना काहीतरी खास हवे असते.

या कामास किंमत नाही असे कोणी म्हणेल तर त्याने मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार शेजारच्या चाळीतल्या बायांकडे महिन्याचे पैसे देऊन जेवत असत. या खाणावळवाल्या बायांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. तीच भाकरी, तीच आमटी. परक्या कामगाराच्या ताटात पडली तर तो धंदा, बँकेने कर्ज द्यावे असा. आणि नवऱ्याच्या ताटात पडली तर फुकट! भाकरीत फरक नव्हता, फरक आपल्या वहीत होता.

म्हणून बाहेर जेवण्याचा प्रश्न विचारताना पहिल्याने असे विचारावे की आज कोणाची सुटी आहे? गृहिणीला एका संध्याकाळी चुलीपासून मोकळे करण्यासाठी जो पैसा जातो त्यास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. ती स्वतः पुष्कळदा म्हणते, ‘मला कुठे जायचे नाही, कशाला खर्च?’ हे शब्द संतोषाचे आहेत की सवयीचे, हे घरच्यांनी ओळखले पाहिजे.

आता कोणी म्हणेल की हा तर खर्चास मोकळा परवाना झाला. तसे नाही. पैसा खरोखर कोठे जातो हे पाहिल्यावाचून तो पुरवता येणार नाही. २०२२-२३ च्या सरकारी खर्चपाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३.६ टक्के धान्यावर गेला, आणि चहा-सरबते, फराळाचे पदार्थ, पाकीटबंद खाऊ व बाहेरचे शिजलेले अन्न या सदराखाली सुमारे १०.६ टक्के, म्हणजे धान्याच्या जवळजवळ तिप्पट. हे सर्व काही रविवारच्या जेवणात जात नाही. कामावर रोज तीस रुपयांचा चहा-नाश्ता केला तर सव्वीस दिवसांचे ७८० रुपये होतात, आणि तो एकट्याने उभ्याउभ्या केलेला असतो. मुलांच्या वेफर्सच्या पाकिटांचे वेगळेच. ज्याचे बिल हातात येते त्या जेवणावर आपण रागावतो. जे सुट्या पैशांत गळून जाते त्याचा हिशेबही ठेवत नाही. ही गळती अर्धी थांबवली तर कुटुंबाचे एक जेवण सहज निघते, आणि तेही सर्वांनी मिळून केलेले.

त्या जेवणातही थोडे तारतम्य हवे. जे घरी चांगले होते ते हॉटेलात मागवू नये. खानदेशी माणसाने पाटीवर नाव वाचून शेवभाजी मागवायची आणि ‘आपल्या घरच्यासारखी नाही’ म्हणत परत यायचे, यात कसला आनंद? रात्रीच्या जेवणाऐवजी सकाळचा लोचो किंवा खमण घेतले तर पाव खर्चात सुटी साजरी होते. खुद्द सुरती लोक यात मोठे हुशार आहेत. चंदी पडव्याच्या रात्री ते घारी विकत घेतात आणि रस्त्याच्या कडेला चटई टाकून सहकुटुंब खातात. डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी विकत घ्यावी, बाकी दशम्या-चटणी घरची न्यावी. मात्र त्या दशम्यांसाठी एकटीलाच पहाटे चारला उठावे लागणार असेल तर ती सहल इतरांची झाली, तिची नव्हे. आणि पैसे आधी डब्यात साठवून मग जावे. मोबाइलवर मिळणाऱ्या उसन्या पैशांवर खाल्लेले जेवण पुढच्या महिन्याच्या भाकरीतून वजा होते.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये. २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार हॉटेलला सेवा आकार सक्तीने लावता येत नाही. तो नाकारण्याचा आपल्याला हक्क आहे, पण तो नाकारून वाचलेले पैसे खिशात घालून वाढणाऱ्या पोऱ्याकडे न पाहता बाहेर पडणे यास आम्ही हिशेबीपणा म्हणत नाही. घरी डबा मागवला तर पावसात भिजत तो आणणाराही कोणाचा तरी मुलगा असतो, कदाचित आपल्याच मंडळीतला. मौल्यवान सुगंधी तेलाची गोष्ट आपण सर्वांनी शब्बाथ शाळेत शिकवली आहे. तिचा आधार घेऊन स्वतःच्या मेजवानीचे समर्थन करणारे आम्हांस भेटले आहेत. त्या बाईने तेल स्वतःच्या डोक्यावर ओतले नव्हते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

याच शहरात असे हजारो आहेत की ज्यांना बाहेर जेवण्याची हौस नाही, शिक्षा आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारे, विशेषतः ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातून आलेले कामगार मेसमध्ये राहतात. एक पाळी कामावर गेली की तीच जागा दुसऱ्या पाळीला झोपायला. आपल्याकडचेही एकटे राहणारे तरुण असेच खाणावळीत जेवतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने काम व मजुरी थांबली तेव्हा जेवणाची आबाळ झाल्यामुळे सुरतेचे कामगार घरी जाऊ द्या म्हणत रस्त्यावर उतरले होते. आपण ज्या चवीला कंटाळून हॉटेल शोधतो, ती घरची चव त्यांना महिनोन्‌महिने मिळत नाही. करिंथ येथील मंडळीत काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत आणि काही उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबण्यास सांगितले. बारा तासांच्या पाळीच्या शहरात ‘थांबणे’ या शब्दाला फार ठोस अर्थ आहे. भक्तीनंतर पाळकांना जेवायला बोलावण्याची आपल्याकडे रीत आहेच. मागच्या बाकावर एकटा बसून जाणाऱ्या तरुणाला बोलावण्याची रीत पडायची आहे. हॉटेलच्या एका फेरीच्या पैशांत असे चार पाहुणे जेवून जातात.

पण येथे वाचक भगिनी आम्हांस अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. चार पाहुणे वाढले तर रांधणार कोण? ज्या सुटीची गोष्ट आम्ही एवढा वेळ सांगितली ती पाहुण्यांच्या नावाने पुन्हा काढून घ्यायची काय? तेव्हा निमंत्रण ज्याने दिले त्यानेच त्या दिवशी कांदे चिरावेत. भाकरी थापता येत नसेल तर खिचडी टाकावी; खिचडी आणि वर कच्चे तेल, पापड, लोणचे, एवढ्यावर खानदेशचा माणूस तक्रार करीत नाही. खडे लागले तर पाहुणा बोलणार नाही, आणि मीठ जास्त झाले तर घरची बाई पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला तरी ते सांगू शकेल.