अनृणी आणि स्वगृही

सुखी कोण, या यक्षाच्या प्रश्नाला महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर जे उत्तर देतो, की पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, जो स्वगृही भाजी शिजवितो आणि ज्याला ना कोणाचे देणे ना परदेशवास, तो सुखी, त्यात स्वगृह आणि अनृणता एकत्र नांदतात. मुंबई-पुण्याच्या पगारदार माणसाला मात्र पहिले लाभावे म्हणून दुसरीवर पाणी सोडावे लागते, तेही वीस-वीस वर्षांच्या मुदतीने. मग घर पाहण्यापूर्वीच बँकेकडून गृहकर्जाची पूर्वमंजुरी घेणे हा विवेक, की लोभाला दिलेला परवाना?

माझ्या मते विवेकच, पण अर्धा. पगारपत्रके, आयकर विवरण आणि जुन्या हप्त्यांचा इतिहास छानून बँकेने ठरविलेली कर्जाची रक्कम काही महिन्यांपुरतीच कायम असते, मिळकतीचे दस्तऐवज तपासल्यावाचून पक्की होत नाही, आणि 30 लाखांपर्यंतच्या कर्जातही किमतीच्या 90 टक्क्यांहून अधिक देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई असल्याने उरलेला हिस्सा पदरचाच. मुद्रांक शुल्क बहुधा निराळे. इच्छेला आधी मर्यादा कळावी, हे चांगलेच. परंतु ही मर्यादा परतफेडीच्या ऐपतीची, गरजेची नव्हे. जैन श्रावक परिग्रह-परिमाणाचे, म्हणजे आपल्या मालमत्तेला मर्यादा घालण्याचे, व्रत घेतो तेव्हा आकडा तो स्वतः ठरवितो. इथे तो व्याजावर चालणारी संस्था ठरविते, आणि आपण त्या कमाल रकमेलाच आवश्यकता मानून आणखी एक खोली शोधू लागतो. आपला आकडा आधी लिहून मग बँकेत जाणारा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे.