धर्माचा दाखला

नागरिकत्वाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुसलमानांना जायला 57 देश आहेत, हिंदूंनी कुठं जायचं?" बोलणारा माणूस बहुधा भला असतो. सिंधमधून निघून आलेल्या, राजस्थानातल्या वस्त्यांत वर्षानुवर्षं नागरिकत्वाविना राहिलेल्या हिंदू कुटुंबांबद्दल त्याला खरी कळकळ असते, आणि ती असायलाच हवी. टोचतो तो वाक्याचा पहिला अर्धा भाग. इस्लामी सहकार्य संघटनेचे सभासद 57 आहेत हे खरं. पण लाहोरच्या अहमदिया माणसाला त्यातला कोणता देश आपला म्हणेल?

पाकिस्ताननं 1974 मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. 1984 च्या वटहुकमानं त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं, हे सगळे गुन्हे झाले. 28 मे 2010 रोजी लाहोरमध्ये त्यांच्या दोन मशिदींवर शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी हल्ले झाले आणि ऐंशीहून अधिक माणसं मारली गेली. या पंथाचा उगम झाला ते कादियान मात्र भारतातल्या पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. या भूमीशी असलेलं नातं हा निकष लावला तरी त्या माणसाचा दावा कुणापेक्षा कमी भरत नाही.

2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातली सहा धर्मांची आणि तीन देशांची यादी सर्वांना पाठ आहे; इस्लाम त्या यादीत नाही. कमी लक्षात येते ती दुसरीच गोष्ट. कायद्याच्या उद्दिष्टांच्या निवेदनात धार्मिक छळ आहे, पण प्रत्यक्ष कलमांत छळाची अट नाही. मार्च 2024 मध्ये नियम आले. त्यांतही आपल्यावर काय गुदरलं हे अर्जदारानं सिद्ध करायचं नाही. आपण यादीतल्या धर्माचे आहोत असं स्थानिक समाजसंस्थेचं प्रमाणपत्र मात्र जोडायचं.

खरा वाद इथं आहे. धर्म हे छळाचं कारण असू शकतं. आश्रयाची पात्रता तो असू शकत नाही. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत हे सगळे आहेत, पण 'तुला कशापायी छळलं?' या प्रश्नाची उत्तरं म्हणून आहेत. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही. तरी हा फरक इथल्या प्रशासनाला परका नव्हता: 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी जी कार्यपद्धती ठरवली, तिच्यात छळाची कारणं होती, धर्मांची यादी नव्हती.

लेखिका तस्लिमा नसरीन यांचं उदाहरण घ्या. बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या अत्याचारांवर त्यांनी 'लज्जा' लिहिली आणि 1994 मध्ये जीव वाचवण्यासाठी देश सोडला. ज्या हिंदूंसाठी त्या बोलल्या ते यादीत आहेत. त्या स्वतः मुदतीच्या परवान्यावर भारतात राहतात.

यादीच्या बाजूचा सर्वांत भक्कम माणूस आजच्या राजकारणात शोधू नये. तो संविधान सभेत भेटतो, आणि तो वऱ्हाडातला आहे: डॉ. पंजाबराव देशमुख. 11 ऑगस्ट 1949 रोजी त्यांनी दुरुस्ती मांडली की दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख, तो कुठंही राहत असो, भारताच्या नागरिकत्वाचा हक्कदार असावा. मुसलमानांनी पाकिस्तान मागून घेतलं, मग हिंदू-शिखांचं म्हणून एक घर का नको, हा त्यांचा सवाल होता. काळ आठवला की त्या सवालाची धग कळते. त्याच आठवड्यात कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं होतं.

पण याच उल्हासनगरात त्यांच्या सवालाचं उत्तर आहे. तिथल्या माणसांना नागरिकत्व मिळालं ते संविधानाच्या कलम 6 मुळे. ते कलम विचारतं: तुझा, आईबापांचा किंवा आजीआजोबांचा जन्म अखंड हिंदुस्थानातला का, तू पाकिस्तानातून कधी आलास, इथं किती दिवस राहिलास? धर्माचं नाव त्यात कुठंही नाही, आणि त्यावाचून सिंधी कुटुंबांचं काही अडलं नाही. देशमुखांची दुरुस्ती सभेनं फेटाळली. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून झालेल्या सत्याग्रहात हेच देशमुख पुढे होते. जन्मावरून माणसाला दाराबाहेर ठेवणं हा अन्याय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असतं? म्हणून त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. इतरांशी तेवढा नाही.

अशी उदाहरणं जमली की पहिली मागणी सुचते ती यादी वाढवण्याची. अहमदिया घाला, अफगाणिस्तानातले हजारा शिया घाला, नास्तिक घाला. हा लेखही त्याच मागणीकडे निघाला होता. वाटेत अमेरिकेतला एक जुना खटला आडवा आला.

मुंबई इलाख्यातून गेलेले सखाराम गणेश पंडित 1914 मध्ये अमेरिकी नागरिक झाले आणि कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांना तेव्हा तिथलं नागरिकत्व मिळे. भगतसिंग थिंद हा पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेला शीख तरुण. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात उभं राहताना पंडितांची मांडणी अशी होती की उच्चवर्णीय हिंदुस्थानी आर्यवंशी आहे, म्हणून तो गोराच. 1923 मध्ये न्यायालयानं एकमतानं ती फेटाळली. पाठोपाठ आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानींचं नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. पंडितांवरही पाळी आली. ते लढून वाचले, इतर अनेक जण वाचले नाहीत. हिंदुस्थानींना दार उघडलं ते 1946 मध्ये, आणि वंशाची अट कायद्यातून पुरती गेली 1952 मध्ये. अशिलासाठी जे हाती लागेल ते वापरणाऱ्या वकिलाला दोष देववत नाही. पण यादीत शिरण्यासाठी त्यांना यादी न्याय्य धरावी लागली, आणि उच्चवर्णीय नसलेल्या देशबांधवाला बाहेर सोडावं लागलं. अहमदियांची भर घालणारी दुरुस्ती उद्या झालीच, तर बाहेर राहिलेल्या रोहिंग्याला ती तेच सांगेल.

मग यादी पुसली की काम झालं का? संविधानाचं कलम 7 तसं म्हणू देत नाही. फाळणीच्या धामधुमीत पाकिस्तानात गेलेल्या आणि आपल्या घरी परतू पाहणाऱ्यांसाठी जुलै 1948 मध्ये परवाना पद्धत आली, आणि पुढे कलम 7 नं त्यांचं नागरिकत्व त्याच परवान्यावर सोपवलं. धर्माचा उल्लेख तिच्यातही नव्हता. परतणारे मात्र बहुतेक मुसलमान होते, आणि तात्पुरत्या परवान्यावर आलेला माणूस मुदत संपली की आपल्याच गावात परका ठरे. अमेरिकेच्या जानेवारी 2017 च्या प्रवेशबंदीत सात देशांची नावं होती, 'मुस्लिम' हा शब्द नव्हता. तिची तिसरी आवृत्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून 2018 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. कायद्याची भाषा शुद्ध असली तरी टेबलामागचा अधिकारी आडनाव पाहून निर्णय देऊ शकतो.

म्हणून मागणी यादीपुरती ठेवून भागणार नाही. प्रत्येक अर्जदाराची स्वतंत्र सुनावणी, नकार दिला तर लेखी कारण, आणि त्यावर अपील, एवढं कायद्यात हवं. सुरक्षेची काळजी असलेल्यांनाही हाच मार्ग सोयीचा आहे, कारण माणसामाणसाची चौकशी जितकं शोधून काढते तितकं समाजसंस्थेचं प्रमाणपत्र काढू शकत नाही. संख्येची भीतीही तपासून पाहावी. 2019 च्या कायद्याआधीच्या 2016 च्या विधेयकाचा तातडीनं लाभ किती जणांना होईल, असं संयुक्त संसदीय समितीनं विचारलं, तेव्हा गुप्तचर विभागानं सांगितलेला आकडा 31,313 होता, त्यांत 25,447 हिंदू. या सर्वांना नागरिकत्व मिळावं. त्यांच्यातल्या ज्यांचा छळ झाला, त्यांना तो सांगून ते मिळवता आलं असतं, आणि त्याच रांगेत कादियानशी नातं सांगणारा अहमदियाही उभा राहू शकला असता. शशी थरूर यांनी 2015 मध्ये लोकसभेत आश्रयाविषयीचं खासगी विधेयक आणलं, त्यात अशा अर्जांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही, आणि आश्रय मागणाऱ्यांसाठी भारतात अजूनही वेगळा कायदा नाही.