रूपांतरकाराचें इमान

एका कलाप्रकारांतील कृति दुसऱ्या कलाप्रकारांत नेणारा मनुष्य कोणाचा ऋणी असतो, हा प्रश्न जुना आहे. आपल्या रंगभूमीलाहि तो अपरिचित नाहीं. देवलांनीं १८९० सालीं ‘झुंझारराव’ लिहिला तेव्हां ‘ऑथेल्लो’चा कर्ता जगाचा निरोप घेऊन पावणेतीनशें वर्षें होत आलीं होतीं, त्याची संमति घेण्याचा किंवा त्याचें मन दुखविण्याचा प्रसंगच नव्हता. पण मूळ कर्ता हयात असेल, त्याची कथा अद्यापि अपुरी असेल, आणि तिचें रूपांतर तो स्वतः डोळ्यांनीं पाहत असेल, तर हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो. जपानांत गेल्या कांहीं वर्षांत त्याला जी धार आली आहे तिच्यामुळें तो मुळापासून तपासून पाहणें अवश्य झालें आहे.

जपानी भाषेंत ‘मंगा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथा तेथें लहानथोर सर्वच वाचतात. साप्ताहिकांतून व मासिकांतून त्या क्रमशः प्रसिद्ध होतात, मग त्यांचीं पुस्तकें निघतात; आणि एखादी कथा लोकप्रिय झाली कीं पुष्कळदां खऱ्या नटनटींना घेऊन तिचा चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवरील मालिका काढण्यांत येते. हा प्रकार आजचा नव्हे. तान्ह्या मुलाला लाकडी गाडींत घालून वणवण हिंडणाऱ्या एका खड्गधारी पित्याची काझुओ कोइके व गोसेकी कोजिमा यांची कथा १९७० सालीं सुरू झाली, आणि १९७२ ते १९७४ या काळांत तिच्यावर सहा चित्रपट निघाले. त्यांपैकीं बहुतेकांच्या पटकथांत स्वतः कोइके यांचा हात होता. मूळ लेखक आणि रूपांतरकार एकच असला म्हणजे इमानाचा प्रश्न उद्भवत नाहीं. तो उद्भवतो तो हे दोघे निराळे झाल्यावर.

सामान्य प्रेक्षकाला इमान म्हणजे साम्य असें वाटतें. केसांचा रंग तोच हवा, अंगरखा तोच हवा, संवाद तेच हवेत, आणि शेवटहि तोच हवा. ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी ती पुरी होणें वस्तुस्थितीनेंच अशक्य आहे. चित्रकथेंतील दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेंत जें घडतें तें वाचक आपल्या मनानें घडवितो. पात्राला आवाज तोच देतो, आणि एका चौकटीवर किती वेळ रेंगाळावें हेंहि तोच ठरवितो. चित्रपटांत वेळ दिग्दर्शकाच्या हातीं जातो आणि आवाज नटाचा होतो. शिवाय चार रेषांनीं काढलेला चेहरा कोणाचाच नसतो, म्हणून तो प्रत्येक वाचकाला आपलासा करतां येतो. नटाचा चेहरा मात्र त्या एकाच मनुष्याचा असतो. तेव्हां कागदावरून पडद्यावर येतांना कांहीं तरी गमवावेंच लागतें. हें गमावणें हा अपराध नव्हे. ती त्या माध्यमांतराची किंमत आहे.

साम्य आणि इमान हीं भिन्न आहेत हें कांहीं उदाहरणांवरून दिसून येईल. मारी यामाझाकी यांच्या ‘थर्मे रोमे’ या कथेचा नायक प्राचीन रोममधील स्नानगृहें बांधणारा स्थापत्यकार आहे. तो अकस्मात् कालाच्या प्रवाहांतून वाहत येऊन आजच्या जपानी स्नानगृहांत डोकें वर काढतो. २०१२ च्या चित्रपटांत हा रोमन पुरुष हिरोशी आबे या जपानी नटानें रंगविला. साम्याचा आग्रह धरला तर येथें पहिल्याच दृश्याला हरकत घ्यावी लागेल. तरीहि प्रेक्षकांनीं तो रोमन हसतहसत मान्य केला, कारण कथेंतला विनोद आणि परक्या संस्कृतीविषयींचें कुतूहल हीं दोन्ही त्यांत जिवंत होतीं. त्सुगुमि ओबा व ताकेशी ओबाता यांच्या ‘डेथ नोट’वरून २००६ सालीं जपानांत निघालेल्या चित्रपटांनीं तर कथेचा शेवटच बदलला. ज्याचें नांव वहींत लिहावें तो मरतो अशी ती वही. तींत गुप्तहेर आधींच स्वतःच्या हातानें आपलें नांव लिहून ठेवतो आणि त्यायोगें प्रतिपक्ष्याला जिंकतो, असा हा नवा शेवट आहे. तो मुळांत नाहीं; पण न्यायासाठीं मनुष्यानें काय पणाला लावावें हा जो मूळ कथेचा प्रश्न, त्याच्याशीं तो पूर्णपणें सुसंगत आहे. उलट अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’वरून २००९ सालीं निघालेल्या अमेरिकन चित्रपटांत पात्रांचीं नांवें तींच राहिलीं, पण कथेचा जीव हरपला. आपण केलेल्या सूचना मानल्या गेल्या नाहींत असें तोरियामा यांनीं पुढें सांगितलें, आणि त्याच्या पटकथाकारानें २०१६ सालीं चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली. नांवें राखून कथा मारतां येते आणि शेवट बदलून ती जगवितां येते, असा याचा अर्थ होतो.

मग इमान कोणाशीं? वाचकांशीं, असें एक उत्तर देण्यांत येतें. कथेला वर्षानुवर्षें जीव लावला तो वाचकांनीं. तेव्हां त्यांच्या मनांतील मूर्ति भंग करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, असा हा पक्ष आहे. यांत भावना खरी असली तरी तर्क टिकत नाहीं. हाजिमे इसायामा यांच्या नरभक्षक महाकायांच्या कथेवर २०१५ सालीं शिंजि हिगुचि यांनीं दोन भागांचा चित्रपट काढला. त्यांतील पात्रें व प्रसंग मुळापासून फार निराळे झाले, आणि चाहते संतापले. परंतु हे फेरफार व्हावे अशी इच्छा खुद्द इसायामा यांचीच होती. येथें कर्त्याशीं इमान राखणें म्हणजे वाचकांचा रोष पत्करणें असें झालें. वाचकाला नापसंतीचा अधिकार आहे, चित्रपटाकडे पाठ फिरविण्याचा आहे, कडक टीका करण्याचाहि आहे. पण दुसऱ्याच्या कृतीवर त्याला स्वामित्व सांगतां येत नाहीं. प्रेम केल्यानें ऋण फिटत असेल, मालकी मिळत नाहीं.

राहतां राहिला मूळ कर्ता. त्याची बाजू कायद्यानेंहि ओळखली आहे. १९२८ सालीं रोम येथील परिषदेंत बर्न करारांत लेखकाच्या नैतिक हक्कांचें कलम घालण्यांत आलें. जपानच्या १९७० च्या कायद्याचें विसावें कलम असें सांगतें कीं, कर्त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या कृतींत फेरफार करतां येणार नाहींत. आणि हा हक्क दुसऱ्यास देतां येत नाहीं असेंहि तोच कायदा सांगतो. यामागील विचार खोल आहे. कथेवर चित्रपट काढण्याची परवानगी विकतां येते, पण कथेंत उतरलेला मनुष्य विकतां येत नाहीं. घर विकणाऱ्याचा भिंतींशीं संबंध संपतो. कथा देणाऱ्याचा मात्र संपत नाहीं, कारण तिच्यांत त्याचें बोलणें त्याच्याच नांवानें पुढेंहि चालूं राहतें.

परंतु कायद्याचें कलम आणि कारखान्याची रीत यांत अंतर असतें. हें अंतर किती दारुण असूं शकतें तें ‘सेक्सी तानाका-सान’ या कथेच्या प्रकरणांत दिसून आलें. हिनाको आशिहारा या चित्रकथाकर्त्रीची ही कथा २०१७ सालीं सुरू झाली. कचेरींत मान खालीं घालून हिशेब लिहिणारी चाळीस वर्षांची एक स्त्री रात्रीं नर्तकी म्हणून रंगमंचावर उभी राहते, आणि तिच्याच कचेरींतली एक तरुण मुलगी तिच्या धैर्यानें भारून जाते, असा तिचा विषय. तिच्यावरील मालिका निप्पॉन टेलिव्हिजननें २०२३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत दाखविली. शेवटच्या दोन भागांच्या पटकथा आशिहारा यांनीं स्वतः लिहिल्या. पुढें २६ जानेवारी २०२४ रोजीं त्यांनीं याचा खुलासा प्रसिद्ध केला. मालिका मूळ कथेशीं प्रामाणिक राहील, आणि कथा अपुरी असल्यानें शेवटचा भाग आपण सांगूं तसा होईल, अशा अटींवर आपण संमति दिली होती. पण जे प्रसंग आपण मुद्दाम चाकोरी सोडून रेखाटले ते पुन्हा चाकोरींत बसविले जात होते, असें त्यांचें म्हणणें होतें. दोन दिवसांनीं त्यांनीं तें लेखन मागें घेतलें, कोणावर हल्ला करण्याचा आपला हेतु नव्हता असें सांगून क्षमा मागितली, आणि २९ जानेवारीला त्या मृत आढळल्या.

एखाद्या मनुष्याच्या मृत्यूचें कारण बाहेरच्या माणसानें एकाच गोष्टींत शोधूं नये. त्या दुःखाचा हिशेब मांडण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. पण त्यापूर्वी जें घडलें त्याचा विचार करणें हें कर्तव्य आहे. दूरचित्रवाणी संस्थेनें आणि शोगाकुकान या प्रकाशन संस्थेनें त्याच वर्षीं आपापले चौकशीचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली कीं, जिला कर्त्रीनें अट मानलें होतें ती निर्मात्यांच्या समजुतींत अट म्हणून पोंचलीच नव्हती. मूळ कर्त्री आणि पटकथा लिहिणारी व्यक्ति यांची समोरासमोर भेट झाली नव्हती. कर्त्रीचे शब्द प्रकाशन संस्थेच्या लोकांकडे, त्यांच्याकडून निर्मात्यांकडे आणि तेथून पटकथाकाराकडे असे हातोहात जात होते. प्रत्येक हात सौजन्यानें त्यांची धार थोडी थोडी बोथट करीत गेला असेल, आणि मार्गाच्या शेवटीं ‘असेंच झालें पाहिजे’ या वाक्याचें ‘असें झालें तर बरें’ असें वाक्य झालें असेल, तर त्यांत नवल नाहीं. येथें दुष्ट मनुष्य शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं. प्रत्येकजण आपलें काम करीत असतो, दर आठवड्याचा भाग वेळेवर तयार व्हावयाचा असतो. आणि एवढ्या सद्वर्तनी माणसांच्या मधून एक वचन मात्र हरवून जातें.

माझ्या मतें या सर्व प्रश्नाचें मर्म येथें आहे. रूपांतरकाराचें इमान साम्याशीं नाहीं, वाचकांच्या हट्टाशीं नाहीं, आणि कर्त्याच्या प्रत्येक लहरीशींहि नाहीं. तें दिलेल्या वचनाशीं आहे. इसायामा यांनीं फेरफार मागितले. तेथें फेरफार करण्यांतच इमान होतें. आशिहारा यांनीं प्रामाणिकपणा मागितला. तेथें एकदां ‘होय’ म्हटल्यावर त्या होकाराचा अर्थ परस्पर बदलण्याचा अधिकार कोणासहि उरला नव्हता. एकच कृत्य एका ठिकाणीं धर्म होतें आणि दुसऱ्या ठिकाणीं अधर्म, तें याच कारणानें.

यावर कलेच्या स्वातंत्र्याचे अभिमानी म्हणतील कीं, अशानें दिग्दर्शक आणि पटकथाकार हे केवळ नकलकार होतील. हा आक्षेप हलका नाहीं. पटकथा लिहिणें ही स्वतंत्र कला आहे. कागदावर जो संवाद शोभतो तो नटाच्या तोंडीं कधीं कधीं लाकडासारखा होतो, आणि तो मोडून नवा घडवावाच लागतो. परंतु स्वातंत्र्य संमति मागण्यापूर्वीहि होतें. स्वतःची नवी कथा रचण्यास कोणी मनाई केलेली नव्हती. अट मान्य नसेल तर नकार देण्याचा मार्गहि खुला होता. दुसऱ्याच्या कथेचें नांव, तिची कीर्ति आणि तिचा तयार प्रेक्षकवर्ग हवा, पण तिच्या कर्त्याला दिलेला शब्द नको, या मागणीला स्वातंत्र्य हें नांव शोभत नाहीं. शिवाय वचन पाळून केलेलें रूपांतर निर्जीवच होतें असा अनुभव नाहीं. एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही चांचेगिरीची कथा १९९७ पासून चालूं आहे. तिच्यावरील आठ भागांची मालिका २०२३ च्या ऑगस्टअखेर आली. आपलें समाधान झाल्यावांचून ती प्रदर्शित होणार नाहीं हें कबूल झालें आहे, असें ओदा यांनीं आधींच वाचकांना कळविलें होतें. त्या मालिकेंत फेरफार पुष्कळ आहेत. पण ते कर्त्याला अंधारांत ठेवून केलेले नाहींत, आणि जगभर तिचें स्वागत झालें.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आशिहारा यांच्या खुलाशानंतर त्यांच्या कैवाराच्या नांवाखालीं अनेकांनीं पटकथाकारावर शिव्याशापांचा वर्षाव केला. ज्या कथेचा सारा जिव्हाळा, लोकांच्या नजरेनें वाकलेला एका स्त्रीचा कणा ताठ कसा झाला यांत आहे, तिच्याच चाहत्यांनीं दुसऱ्या एका माणसाला नजरेंनीं आणि शब्दांनीं वाकवावें, याहून त्या कथेशीं मोठी बेइमानी कोणती? कथेशीं एकनिष्ठ राहण्याचें ओझें केवळ रूपांतरकारावर नाहीं. वाचणाऱ्यावरहि तें आहे.

दोन्ही संस्थांच्या अहवालांत पुढील काळासाठीं सूचना आहेत. करार लौकर आणि लेखी व्हावा, ही त्यांतील मुख्य. ती योग्यच आहे. पण कागदानें शब्द टिकतो, समज टिकतेच असें नाहीं. दोन कलावंतांनीं एकदां समोरासमोर बसून, एकानें ‘यांतलें हें मात्र मोडूं नका’ असें म्हणावें आणि दुसऱ्यानें तें ऐकून घ्यावें, किंवा ‘हें मला जमणार नाहीं’ असें प्रांजळपणें सांगावें, ही साधी गोष्ट कोणत्याहि कलमानें भरून निघत नाहीं. आशिहारा यांची कथा आतां कायमची अपुरी राहिली आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या जागेंत काय घडलें असतें तें दुसऱ्या कोणीं भरून काढावयाचें नाहीं. तेवढी जागा कोरी ठेवणें हेंहि इमानच आहे.