श्वास मोजता आला नाही?

खाली काय बघायलास? वर बघ.

श्वसनाचा धडा तुला तोंडपाठ. माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. मग परवा रात्री खोलीतला जोडीदार फरशीवर घोरत पडला होता, तेव्हा त्याची छाती किती वेळा हलते ते बघायला काय झालं होतं? दारूवर झोपेच्या गोळ्या खाल्ल्या होत्या त्यानं. ओठ निळे पडले होते. आणि तू? लिंबू पिळून घशात ओतलंस, दाराला कडी लावलीस. बेशुद्ध माणसाच्या घशात ओतलेलं पाणी कुठं जातं रे? श्वासनलिकेची आकृती तर सुबक काढतोस. त्याला कुशीवर वळवायला कोणता क्लास लावायचा होता?

"पोलीस केस होईल, सर." "घरी कळंल, सर." दोन तास हीच जपमाळ. १०८ला फोन शेवटी मेसच्या मावशीनं लावला. चौथी शिकलेली बाई. तिला कळलं, तुला कळलं नाही? कळलं होतं. तेच तर माझं दुखणं आहे.

कायद्याला भितोस, कधी वाचलास का? १९८५चा अमली पदार्थांचा कायदा, कलम ६४-अ. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर सेवनाच्या खटल्यातून त्याला सूट मिळते. रस्त्यावरच्या अपघातात मदतीला धावणाऱ्याला कायदा जपतो. तसाच तो नशेत पडलेल्यासाठी फोन लावणाऱ्यालाही जपायला हवा, आणि त्यासाठी आमदाराच्या पायऱ्या झिजवायची माझी तयारी आहे. पण तोवर पोरं मरू द्यायची?

२०२५च्या एप्रिलात चाकूर तालुक्यात, रोहिण्याला एमडी या नशेच्या पदार्थाचा कारखाना सापडला. जूनच्या नशामुक्ती फेरीत सगळ्यात पुढं तू. घोषणा देऊन घसा बसला होता तुझा. परवा कुठं गेला तो आवाज?

आता म्हणे त्याला खोलीत कोंडायचं, आठ दिवसांत गोळ्यांची सवय आपोआप सुटंल! तू धर्माबादचा ना? निजामाबाद तुम्हाला किती लांब? २०१५ साली तिथली भेसळीची शिंदी एकाएकी बंद झाली. शिंदीत झोपेची औषधं मिसळलेली असायची. रोजची पिणारी माणसं झटके येऊन, भ्रमिष्ट होऊन दवाखान्यात भरली, काही दगावली. रोजची गोळी एका रात्रीत तोडायची नसते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. कोंडणं म्हणजे उपचार, असं कोणत्या पुस्तकात वाचलंस?

आणि डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगितलंस? "काहीतरी बाहेरचं खाल्लं." लेका, गर्द किंवा कोडीन असेल तर नॅलोक्सोननं श्वास परत आणता येतो, झोपेच्या गोळीवर त्याचा काही उपयोग नाही. तुझ्या थापेनं डॉक्टर अंधारात चाचपडत राहिले.

त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट अजून तुझ्या गादीखाली आहे. मावशीनं बघितलंय. काढ ते. गाडी काढतोय मी, दवाखान्यात जाऊ. डॉक्टरांच्या हातात तूच द्यायचंस.